सावलीपासून सूर्यमालेपर्यंत

दरवर्षी २४ किंवा २५ एप्रिलला भर दुपारी बेंगळूरुमध्ये सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. १८ ऑगस्टच्या सुमारास हेच पुन्हा घडते; मात्र तेव्हा ढग आडवे येण्याचा संभव अधिक. हा ‘शून्य सावलीचा दिवस’ होय. खगोलशास्त्राचे शिक्षण ग्रहांच्या नावांच्या पाठांतराऐवजी अशा सावलीपासून सुरू व्हावयास हवे. शहरात १९८९ पासून जवाहरलाल नेहरू तारांगण आहे. ते अवश्य पाहावे. पण त्याआधी अंगणात काठी रोवावी.

पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, असे लिहिले की परीक्षेत गुण मिळतात. त्या कलण्यामुळे अंगणात काय बदलते, हे मात्र सहसा विचारले जात नाही. डिसेंबरनंतर सूर्य उत्तरेकडे सरकताना दिसतो. बेंगळूरु १३ उत्तर अक्षांशावर असल्याने एप्रिलअखेरीस तो तेथे नेमका डोक्यावर येतो, आणि परतीच्या वाटेवर ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा. मुंबई १९ अक्षांशावर. तिची पाळी मेच्या मध्यावर येते. दिल्लीची कधीच येत नाही. बेंगळूरुच्या शून्य सावलीच्या दिवशी मुंबईत एक मीटर उंचीच्या काठीची मध्यान्हीची सावली सुमारे १० सेंटीमीटर भरते. सूर्यकिरण तर दोन्ही शहरांवर जवळजवळ समांतरच येतात. मग हा फरक कशाचा? पृथ्वीच्या गोलाईचा. सुमारे २२०० वर्षांपूर्वी ग्रीक विद्वान एराटोस्थेनीस याने अशाच फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला होता.

पुस्तकातील सूर्यमालेचे चित्र मात्र फसवे असते. पानावर मावावेत म्हणून ग्रह शेजारीशेजारी काढलेले असतात. सूर्य एक मीटर व्यासाचा मानला, तर पृथ्वी वाटाण्याएवढी ठरते आणि ती शंभराहून अधिक मीटर अंतरावर ठेवावी लागते. नेपच्यून तर तीन किलोमीटरांपलीकडे जातो.

शाळा सुटलेल्या अनेकांना हा विषय आपल्या कुवतीबाहेरचा वाटतो. वस्तुतः त्यांच्यापाशी निरीक्षणाची शिदोरी असतेच. कोजागरीचा पूर्ण चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो; संकष्टीला मात्र उपवास सोडण्यासाठी रात्री बराच वेळ वाट पाहावी लागते, हे घरोघरी ठाऊक आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. कारण तेवढे सांगावयाचे उरते: पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करीपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्रकला दिसतात, हा गैरसमजही व्याख्यानाने जात नाही. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर चेंडू हातभर अंतरावर, डोक्याहून किंचित वर धरून स्वतःभोवती फिरले की चेंडूचा उजळलेला भाग वाढताना व घटताना दिसतो.

एवढे समजले की वर्तमानपत्रातील बातमीही निराळी वाचता येते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. त्याचे नियंत्रण बेंगळूरुच्या इस्रो केंद्रातून होत होते. उतरण्यासाठी तेथील सकाळ निवडली होती. यंत्रे सौरऊर्जेवर चालणारी होती आणि चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरील सुमारे १४ दिवसांएवढा असतो. सप्टेंबरच्या आरंभी, तेथे सूर्य मावळण्यापूर्वी, यंत्रे निद्रिस्त करण्यात आली. पुढच्या सूर्योदयानंतर त्यांना जागे करण्याचा प्रयत्न झाला. पण ती जागी झाली नाहीत.