एमडेनची पाटी

चेन्नईला गेलात, तर उच्च न्यायालयाच्या आवारभिंतीवरची एक छोटी पाटी नक्की पाहा. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मनीच्या ‘एमडेन’ युद्धनौकेने मद्रासवर तोफगोळे डागले. बंदराजवळच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, माणसे दगावली, घाबरून कित्येकांनी शहर सोडले. बिलंदर माणसाला तमिळमध्ये आजही ‘एमडन’ म्हणतात!

तेव्हा जपान ब्रिटनच्या बाजूने जर्मनीशी लढत होता. दुसऱ्या महायुद्धात तोच जर्मनीचा दोस्त झाला. पुढे १९५९ मध्ये याच शहरात आयआयटी सुरू झाली, तीही पश्चिम जर्मनीच्या मदतीने.

देशांची वैरे मिटतात, गेलेली माणसे परत येत नाहीत. मुलांना ही पाटी दाखवाल, तेव्हा एवढे जरूर सांगा.