हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे?

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. यातल्या बहुतेक बँका सहकारी आणि ग्रामीण होत्या. त्यांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणी मागणाऱ्या संगणकीय घुसखोराचा, फटका बसला होता. लागण पुढे पसरू नये म्हणून ‘एनपीसीआय’ने त्या कंपनीची यंत्रणा देशाच्या पैसे-देवघेवीच्या जाळ्यापासून तात्पुरती तोडली. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

सहकारी बँका आणि पतसंस्थांचे दाट जाळे असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यासाठी या घटनेतला धडा बँकांपुरता नाही. नागापूर आणि सुपे एमआयडीसीतले सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने, दूध संकलन केंद्रे, आडत दुकाने, शिर्डीतली हॉटेले, सावेडीतली रुग्णालये आणि लॅब या सगळ्यांचा धंदा आज एकदोन संगणकांवर चालतो. टॅलीतले हिशेब, जीएसटीची बिले, सीएनसी यंत्रांचे प्रोग्राम, रुग्णांचे रिपोर्ट सारे तिथेच. तरीही सुरक्षेचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते, “आमच्याकडे आहे काय? आम्हाला कोण लुटणार?”

हा समज चुकीचा का, हे समजण्यासाठी हल्ला कसा होतो ते पाहावे लागेल. हल्लेखोर गिऱ्हाईक निवडून बसत नाही. त्याचे प्रोग्राम इंटरनेटवरचा एकेक पत्ता ठोठावत जातात. जुन्या पद्धतीचे असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका साध्या सर्व्हरवरून हे सारे पत्ते पाऊण तासात तपासता येतात, हे दाखवून दिले. ज्या दाराला कडी नाही ते दार उघडते. आत दुकान आहे की रुग्णालय, हे नंतर कळते.

ही उघडी दारेही ठरलेली आहेत. संगणक दुरुस्त करणाऱ्याने दूरवरून काम करण्यासाठी बसवलेले आणि तसेच चालू राहिलेले सॉफ्टवेअर, पैसे वाचवण्यासाठी टाकलेली ‘क्रॅक’ प्रत, बिल म्हणून आलेली ईमेलमधली फाइल, सगळ्या कामगारांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड. त्यात विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या कार्यालयांत ती अजून तशीच चालू आहे, तिथे नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येणार नाही.

आत शिरलेले रॅन्समवेअर फाइली चोरून थांबत नाही, त्या कुलूपबंद करते. या कुलपाच्या शक्य किल्ल्यांची संख्या सहसा किमान ३९ अंकी असते. एकेक किल्ली लावून पाहायची तर जगातले सगळे संगणक जुंपूनही ती सापडायची नाही. बँकांचे व्यवहार सुरक्षित ठेवणारे गणितच इथे उलटे वापरलेले असते. म्हणून फाइली बंद झाल्यावर विकत घेतलेले महागडे अँटिव्हायरस त्या उघडून देऊ शकत नाही.

मग काय उपयोगी पडते? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर असाच हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि रुग्णनोंदणी कागदावर आली. बहुतेक सेवा दोन आठवड्यांनी पूर्ववत झाल्या. सरकारने संसदेत सांगितले, की ई-हॉस्पिटलची सारी माहिती लागण न झालेल्या एका राखीव सर्व्हरवरून परत मिळाली. एवढ्या मोठ्या संस्थेला शेवटी तारले ते दुसऱ्या प्रतीने.

म्हणून छोट्या उद्योगाने साधने घेताना क्रम बदलायला हवा. विक्रेते अँटिव्हायरसपासून सुरुवात करतात. आपण बॅकअपपासून करावी. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक कार्यालयाबाहेर, हा जुना नियम आजही पुरेसा आहे. अट एकच : एक प्रत संगणकाला कायम जोडलेली नसावी. बॅकअपची हार्ड डिस्क चोवीस तास लावून ठेवली, तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालते. डिस्क लावावी, प्रत घ्यावी, काढून कपाटात ठेवावी.

दुसरे साधन अपडेट, तिसरे ईमेल आणि बँक खात्याला पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी. ही दोन्ही फुकट आहेत. चौथा क्रमांक अँटिव्हायरसचा. जुनी पद्धत ओळखीच्या घुसखोरांची यादी जुळवून पाहते. नव्या प्रकारची साधने वागणुकीवर लक्ष ठेवतात. एखादा प्रोग्राम मिनिटभरात शेकडो फाइली बदलू लागला की त्याला अडवतात. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरमध्येही ठरावीक फोल्डरांचे असे रक्षण करण्याची सोय आहे, पण ती बहुधा बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर संगणक साफ करणारी साधने मोफत मिळतात.

एका फसवणुकीवर मात्र सॉफ्टवेअरचा फारसा इलाज नाही. पुरवठादाराच्या नावाने ईमेल येते, “आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यावर पाठवा.” पत्त्यात एका अक्षराचा फरक असतो. इथे नियम एकच : खाते बदलल्याचे कळले, की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. मालकाने सांगितले म्हणून घाईत पैसे पाठवणाऱ्या कारकुनालाही हा फोन करण्याची मुभा हवी.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा कमी. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला कळवणेही बंधनकारक आहे. आदेशाच्या अंमलबजावणीसाठी छोट्या उद्योगांना मिळालेली वाढीव मुदत २५ सप्टेंबर २०२२ लाच संपली. खंडणी देण्याचा विचार करण्याआधी युरोपोलच्या सहभागाने चालणाऱ्या ‘नो मोअर रॅन्सम’ प्रकल्पाच्या संकेतस्थळावर पाहावे. काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे मोफत मिळतात.

पण दहा माणसांच्या कारखान्यात हे करणार कोण? वेगळा संगणकतज्ज्ञ ठेवणे परवडत नाही आणि सारी भिस्त वर्षाच्या करारावरच्या दुरुस्तीवाल्यावर असते. एमआयडीसीतल्या उद्योजक संघटना, पतसंस्थांचे संघ, डॉक्टरांच्या संघटना यांनी मिळून एखादा तज्ज्ञ नेमला, तर खर्च वाटला जाईल. सहकाराची सवय असलेल्या जिल्ह्याला ही कल्पना नवी नाही.

तोवर एक परीक्षा प्रत्येकाला घेता येईल. येत्या साप्ताहिक सुट्टीला बॅकअपमधली मागच्या महिन्याची हिशेबाची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. बॅकअप घेतो असे सांगणारे अनेक असतात. तो उघडून पाहणारे थोडे. फाइल उघडली नाही, तर पुढच्या खर्चाची सुरुवात कुठून करायची, हे तिथेच कळेल.