अहो, तू आणि व्हिसा

माझ्या ताईचं लग्न गेल्या मे महिन्यात आमच्याच चर्चमध्ये झालं आणि ते लग्न खरं आहे याचे पुरावे आम्ही सप्टेंबरपर्यंत गोळा करत होतो. हे वाक्य काहींना विचित्र वाटेल. ज्यांच्या घरातलं कुणी लग्न करून परदेशी गेलंय, त्यांना वाटणार नाही.

दाजी मूळचे गोव्याचे, सासष्टीतले. त्यांच्या आजोबांचा जन्म 1961 च्या आधीचा, म्हणून घरात पोर्तुगीज पासपोर्ट आले आणि त्या पासपोर्टवर दाजी इंग्लंडमधल्या स्विंडनला पोहोचले. स्विंडनमध्ये गोवेकर इतके आहेत की दाजींना तिथे आठवडाभर इंग्रजी न बोलता राहता येतं असं ते म्हणतात. आता ब्रिटनने युरोप सोडल्यावर गंमत अशी झाली, की दाजींचा तिथे राहण्याचा हक्क शाबूत राहिला, पण ज्यांचं लग्न 31 डिसेंबर 2020 नंतर झालं त्यांच्या बायकोला जुनी सोपी वाट बंद झाली. त्या तारखेला ताई बी.कॉम.ला होती आणि दाजी नावाचा माणूस जगात आहे हेही तिला माहीत नव्हतं. त्यामुळे तिला बाकी सगळ्यांसारखा जोडीदाराचा व्हिसा मागावा लागला.

यात काय काय लागतं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांवर ही वेळ येणार आहे. लग्नाचा दाखला, क्षयरोगाची तपासणी, इंग्रजी येतं याचा पुरावा, तिथे राहायला पुरेशी जागा आहे याचे कागद. पैशांचं कलम सगळ्यात कडक. बोलावणाऱ्याची वर्षाची कमाई निदान 29,000 पौंड हवी. 2012 पासून हा आकडा 18,600 होता, एप्रिल 2024 मध्ये एकदम इतका वाढला. कमाई अजिबात नसेल तर बँकेत 88,500 पौंडांची बचत दाखवायची. वर आरोग्यसेवेचा अधिभार, वर्षाला 1,035 पौंड, सगळा आगाऊ. रुपयांत हिशेब करायचा प्रयत्न पप्पांनी एकदाच केला.

दाजी गोदामात काम करतात. नुसत्या पगारात 29,000 चा आकडा गाठता येत नव्हता, म्हणून त्यांनी सहा महिने जादा पाळ्या केल्या, त्याही रात्रीच्या. सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँकेत जमा झालेली रक्कम तंतोतंत जुळली पाहिजे असा नियम आहे, ती जुळली. पण मग दुसरीच अडचण उभी राहिली. रात्रपाळी केलेला माणूस दिवसा झोपतो, त्यामुळे त्या सहा महिन्यांत दोघांचे फोन कमी झाले. कागद बघून देणारा आमचा एजंट म्हणाला, "कॉलची यादी या काळात बारीक दिसते हो, संबंध पातळ झाल्यासारखा वाटतो." बायकोला आणता यावं म्हणून माणूस रात्रभर खोकी उचलतोय आणि तेवढ्याच कारणाने त्याचं प्रेम संशयात येतं! मला त्या दिवशी फार राग आला. राग कुणावर काढायचा हे कळेना, कारण एजंट काही खोटं बोलत नव्हता.

या सगळ्यात मी कुठे आलो? तर घरात 'मराठी-इंग्रजी शिकणारा' मीच. इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर जोडावं लागतं आणि त्यावर भाषांतरकाराने हे बरोबर आहे असं लिहून, तारीख टाकून, नाव, सही, पत्ता द्यावा लागतो. सही बाहेरच्याच माणसाची घ्यायची हे ठरलं होतं, पण कच्चा मसुदा मी करून दिला तर पैसे वाचतील असं आईला वाटलं. लग्नाचा दाखला इंग्रजीतच होता. आडनावाच्या शेवटी एका कागदावर एस आणि दुसऱ्यावर झेड, त्यासाठी प्रतिज्ञापत्र झालं (आपल्या कॅथलिक घरांत हे दुखणं नवीन नाही). राहिले ते व्हॉट्सॅपचे संदेश. ताईने धाकट्या भावाने वाचण्यासारखे नसतील ते आधी चाळून काढले आणि उरलेले माझ्याकडे पाठवले.

ते वाचताना लक्षात आलं, की हे दोघं दोन भाषांत बोलतात. दाजी कोंकणीत लिहितात, ताई मराठीत उत्तर देते, दोघंही रोमन लिपीत. त्यात 'आय लव्ह यू' शोधून सापडत नाही. "जेवलें गो?", "पावलें?", "निदलें?" असं दाजींचं चालतं. ताईचं "जेवलात का", "पोचलात का", "डबा नेलात की नाही". साठ पानं जेवण, पाऊस, बस आणि झोप. एजंटने पानं उलटली आणि म्हणाला, "यात काही रोमँटिक नाही काय हो?"

मी मसुदा करायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. 'जेवलें' हे कोंकणीतलं नपुंसकलिंगी रूप वयाने लहान मुलीसाठी येतं, त्यात जो लाड आहे तो इंग्रजीत कुठे ठेवायचा? तिथे फक्त 'तू जेवलीस का' एवढाच सपाट प्रश्न उरतो. पण खरी अडचण पुढे होती. स्थळ नातेवाइकांनी आणलेलं, दाजी चार वर्षांनी मोठे, म्हणून ताई पहिल्यापासून 'अहो' आणि 'तुम्ही'. फेब्रुवारीत एका रात्री दाजींना ताप आला होता. ताईचे तीन संदेश ओळीने आहेत: गोळी घेतलीत का, पाणी प्या, झोपा आता. दाजी झोपत नव्हते, काहीतरी मस्करी करत होते. मग चौथा संदेश: "तू ऐकत का नाहीस?"

तिथून पुढे सगळीकडे 'तू'. 'तुम्ही' पुन्हा एकदाही नाही.

वर्गात आपण कथेतलं 'अहो' आणि 'अगं' यावर पानंच्या पानं लिहितो. इथे माझ्यासमोर साठ पानांतला सगळ्यात भक्कम पुरावा होता, तारीख-वेळेसकट, आणि तो इंग्रजीत गेला की नाहीसा होत होता. तुम्ही पण 'यू', तू पण 'यू'. कागद तपासणारा अधिकारी त्या ओळीवरून नजर फिरवून पुढे जाणार. म्हणून मी जे केलं ते कबूल करतो. त्या ओळीपासून पुढच्या प्रत्येक वाक्यात मी एक एक 'डियर' घातला. दोन ठिकाणी 'माय लव्ह'. मनाची समजूत घातली, की हे खोटं नाही, हे तर भावानुवाद आहे.

सही करणारे गृहस्थ म्हणजे निवृत्त शिक्षक. कोर्टाच्या बाजूला त्यांची लहानशी खोली आहे. बेळगावात अशा माणसांना काम कमी नाही. जुने जमिनीचे कागद मराठीत, 1956 नंतर हळूहळू कन्नड, आणि पोरांचे अर्ज इंग्रजीत, म्हणजे तिन्ही भाषा येणाऱ्याकडे रांग असतेच. कोंकणी त्यांच्या घरातलीच. त्यांनी माझा मसुदा घेतला, मूळ पानाशेजारी ठेवला आणि लाल पेनाने माझे सगळे 'डियर' एकेक करून खोडले. मला म्हणाले, "बाळा, हे तिने लिहिलंय काय? नाही ना. मग मी सही कशावर करू?" मी त्यांना 'अहो' आणि 'तू'चं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत टीप लिहिली: इथपर्यंत लिहिणारी व्यक्ती आदरार्थी रूप वापरते, इथून पुढे जवळिकीचं एकेरी रूप वापरते, मूळ भाषेत हा फरक स्पष्ट आहे. बस. खाली सही आणि तारीख. मी चार वेळा 'डियर' लिहूनही जे आणू शकलो नव्हतो, ते त्यांच्या दोन ओळींत आलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पुरावा मागूच नये असं माझं म्हणणं नाही. कागदापुरती लग्नं होतात, एजंट ती लावून देतात, हे आपल्याला ऐकून माहीत आहे. चर्चही चौकशी करतंच की. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाला मोकळे असल्याचा दाखला, तीन रविवार मिस्सेत नावांची घोषणा, फादरांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलेले प्रश्न, या सगळ्याची एक फाइल ताईचीही झाली. पण दोन्ही फायलींत फरक आहे. चर्चच्या कायद्यात, कॅनन 1101 मध्ये, असं धरलेलं आहे की लग्नाच्या वेळी तोंडाने जे उच्चारलं तेच मनात होतं. नव्हतं असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. व्हिसाच्या टेबलावर हे उलटं होतं. तिथे 'हो' म्हटलेलं पुरत नाही, ते 'हो' खरं होतं हे अर्जदाराने दाखवायचं.

हा संशय आजचा नाही. 1979 मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी केली गेली होती आणि ती बातमी फुटल्यावर मोठा गदारोळ झाला. त्यानंतरही 1997 पर्यंत तिथे असा नियम होता, की आपण मुख्यतः इंग्लंडात शिरण्यासाठी लग्न केलेलं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. आपण अमुक हेतूने काही केलं नाही, हे माणूस सिद्ध कसं करणार? तो नियम गेला. आता नातं 'खरं आणि चालू' आहे एवढंच पाहतात, हे त्या मानाने बरंच म्हणायचं. तरी माझी तक्रार उरतेच. या पद्धतीत बोलकी, फोटो काढणारी, इंग्रजीत प्रेम करणारी जोडपी सहज निभावतात. ज्यांचं प्रेम "जेवलास काय"मध्ये आहे, त्यांना ते खरं असूनही कमी दिसतं. आणि 29,000 च्या आकड्याबद्दल तर काय बोलायचं. गोदामात राबणाऱ्याचं लग्न आणि बँकेत बसणाऱ्याचं लग्न यांत देवासमोर फरक नव्हता.

पण अर्धा दोष आपलाही आहे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुरावा हवा म्हटल्यावर आपण नाटक करायला तयार होतो. एजंटने दाजींच्या सुट्टीत सुचवलं होतं, की एका दिवसात तीन शर्ट बदलून तीन ठिकाणी फोटो काढून घ्या, वेगवेगळ्या दिवसांचे दिसतील. आई जवळजवळ तयार झाली होती. ताई नाही म्हणाली. फाइलमध्ये शेवटी रोसच्या दिवशीचा फोटो गेला. त्यात दोघांच्या डोक्यावरून नारळाचा रस ओघळतोय, ताईचे डोळे मिटलेले आहेत आणि दाजींचं तोंड वाकडं झालंय. मला तरी तो पुरेसा वाटतो. दोघांचं एक भांडणही फाइलमध्ये आहे, लग्नाच्या हॉलच्या भाड्यावरून, पाच पानं. एजंट काढून टाका म्हणत होता. मास्तर म्हणाले, राहू दे. खोटं लग्न करणारे हॉलच्या भाड्यावरून रात्री एक वाजता कशाला भांडतील?

आपल्या मंडळाला एक विनंती आहे. दर वर्षी आपण कविता-भाषांतराची कार्यशाळा घेतो, ती घ्यावीच. पण एक दिवस दाखले, पत्रं, संदेश यांच्या भाषांतरासाठी ठेवावा आणि शिकवायला त्या मास्तरांसारख्या कुणाला बोलवावं. मूळ पान शेजारी ठेवून आपलाच 'डियर' आपल्या हाताने खोडायला मला वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या निदान चौघांच्या घरी अशी फाइल चालू आहे.

अर्ज गेलाय, उत्तर यायचंय. आलं तरी तो व्हिसा 33 महिन्यांचा, मग मुदतवाढ, म्हणजे पुन्हा पुरावे. ताईला हे कळल्यापासून तिच्यात एक बदल झालाय. पूर्वी ती चालता चालता टाइप करायची. आता लिहिते, थांबते, वाचते, कधी कधी पुसते. परवा मी विचारलं, काय पुसलंस? म्हणाली, "काही नाही रे. हे पण उद्या फाइलमध्ये जाईल." दाजींशी भांडायचं असलं तर आता ती थेट फोन लावते. फोनवरच्या भांडणाची फक्त मिनिटं नोंदली जातात.