टाके निघाल्यानंतरची गरिबी

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा हवाला देऊन एक युक्तिवाद हल्ली वारंवार केला जातो. अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया गरिबालाही मोफत मिळते, स्टेंटच्या किमतींना 2017 पासून लगाम आहे. मग नंतर कोणी दगावला तर दोष त्याच्या हलगर्जीपणाचा. यातली वस्तुस्थिती खरी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात रुग्णालयाचे बिल सरकारी विमा भरतो. तरीही हृदयविकाराचा झटका आलेल्या पन्नास हजारांहून अधिक रुग्णांचा तिथला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वस्तीचे उत्पन्न दहा हजार डॉलरने जास्त असेल, तर वर्षभरातल्या मृत्यूचा धोका सुमारे 10 टक्क्यांनी कमी आढळला. गरीब वस्त्यांतल्या रुग्णांची अँजिओग्राफीही कमी होत होती.

आता आपल्याकडे पाहा. झडपा निकामी करणारा र्‍हुमॅटिक आजार मुळात दाटीवाटीच्या घरांतला, घशाच्या दुर्लक्षित संसर्गातून येणारा. यांत्रिक झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि तिची मात्रा ठरवायला आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी साधारण दरमहा करायची. आकडा घसरला तर झडपेवर गुठळी धरते, चढला तर रक्तस्राव होतो. बीडची ऊसतोड करणारी बाई ही तपासणी कुठे करणार? हंगामभर ती परमुलखात असते. मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्च झालेली असते. एक दिवस कामावर गेली नाही की खाडा लागतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असल्याने नवऱ्याचेही काम अडते. तिला हलगर्जी म्हणणाऱ्याने आधी हा हिशेब जुळवून दाखवावा.

स्टेंटनंतरच्या दोन गोळ्याही कित्येक महिने, बहुधा वर्षभर, न चुकता घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर स्टेंट बंद पडू शकतो. योजनेत पाठपुराव्याची सोय आहे, पण त्यासाठी योजनेतल्या रुग्णालयापर्यंत पोचावे लागते, रोजगार बुडवून.

म्हणून या गोळ्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाल्या पाहिजेत. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर आयएनआर सांगणारी यंत्रे आहेत. ती ग्रामीण रुग्णालयांत हवीत आणि गाळपाच्या हंगामात कारखान्यांच्या तळांवरही. तपासणीच्या दिवसाचा खाडा बंद झाला पाहिजे. खर्चाची सबब पुढे येईलच. गुठळीने अडकलेल्या झडपेची दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा जोखमीची असते, आणि तिचे बिलही त्याच योजनेतून जाते.