खटका पिस्तुलाचा आणि जबाबदारीचा

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील वॉरेन हवाई तळावर जुलै २०२५ मध्ये ‘एम-१८’ या सरकारी पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने एका तरुण सैनिकाचा बळी घेतला. अण्वस्त्रांची जबाबदारी असलेल्या हवाई दलाच्या विभागाने या पिस्तुलाचा वापर तात्काळ थांबविला. ऑगस्टमध्ये मनुष्यवधाच्या व खोटे निवेदन केल्याच्या संशयावरून एका सैनिकाला अटक झाली आणि तपासणीनंतर पिस्तुले पुन्हा सैनिकांच्या कमरेला लागली. आधी यंत्र दोषी, मग माणूस दोषी! या दोन टोकांमध्ये खरा प्रश्न मात्र हरवला.

चाप ओढल्यावाचून हे पिस्तूल उडूच शकत नाही, असे निर्मात्या कंपनीचे म्हणणे आहे. तथापि याच जातीचे नागरी पिस्तूल खाली पडल्यास उडू शकते असे दिसून आल्यावर २०१७ मध्ये कंपनीने त्यात सुधारणा देऊ केली होती, हेही विसरता येत नाही.

भरलेले पिस्तूल बाळगावे कसे, हा वाद जुना आहे. १९११ साली स्वीकारलेल्या पिस्तुलाला अंगठ्याचा व मुठीचा असे दोन खटके होते. तरीही वापराची वेळ जवळ नसेल तेव्हा नळीत काडतूस ठेवू नये, असा लष्करी पुस्तिकेचा दंडक होता. इस्रायलमध्ये हीच पद्धत रूढ झाली. उलट जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने घोडा चढवून व खटका लावून पिस्तूल बाळगण्याचा पुरस्कार केला. मात्र नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, हा नियमही त्यानेच बिंबविला. १९८५ मध्ये आलेल्या बेरेटाने पहिल्या गोळीसाठी चाप जड ठेवला. २०१७ मध्ये निवडलेल्या नव्या पिस्तुलात चाप हलका व प्रत्येक वेळी सारखाच. म्हणून लष्कराने हाताचा खटका मागून घेतला.

यावरून दिसते ते असे की, सुरक्षितता फुकट मिळत नाही. रिकामी नळी निर्धोक, पण प्रसंगी एक क्षण गमवावा लागतो. जड चाप सुरक्षित, पण नेम ढळतो. ही किंमत कामाचे स्वरूप पाहून ठरवावयास हवी. आघाडीवरील सैनिकाला त्या क्षणाचे मोल प्राणाइतके असते. तळावरील पहारेकऱ्यावर हल्ला क्वचितच होतो. पिस्तूल घेणे, भरणे, रिकामे करणे आणि परत करणे मात्र रोजचेच. त्याच्या बाबतीत धोका शत्रूपेक्षा सवयीत अधिक दडलेला असतो.

चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर, झिजलेल्या भागांची नियमित तपासणी आणि अंगवळणी पडेपर्यंत सराव, या गोष्टी सैनिक आपल्या पगारातून विकत घेऊ शकत नाही; त्या संस्थेनेच द्यावयाच्या असतात. सैनिकाच्या निष्काळजीपणाला शिक्षा अवश्य व्हावी. परंतु शिक्षा झाली म्हणजे हिशेब मिटला असे मानणारी संस्था पुढच्या अपघाताची तरतूदच करीत असते.