रविवारची आंघोळ आणि गोचिडीचे वेळापत्रक

शेतावरच्या वस्तीत तीन-चार मोठी राखणीची कुत्री असली, की रविवारचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. कुत्र्यांना एकेक करून हापशाजवळ किंवा हौदावर ओढत न्यायचे, कपड्यांच्या साबणाच्या वडीने घासायचे आणि वरून बादल्या ओतायच्या. कुत्री अंग झटकतात, मुले भिजतात, आणि "सुटलो एकदाचे गोचिडींतून" असे म्हणून सगळे जेवायला बसतात. बुधवारी कान उलटून पाहावे, तर गोचिडी पुन्हा हजर! मग साबणाला नावे ठेवली जातात. माझे मत विचाराल, तर चूक साबणाची नाही, हिशेबाची आहे. आंघोळ आणि कीडनियंत्रण ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. ती एकच समजल्यामुळे आपले श्रम वाया जातात आणि कुत्र्यांचे हाल होतात.

यात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने का नाक खुपसावे, असे तुमचे जीवशास्त्राचे सर म्हणतील. पण हा प्रश्न पुष्कळसा मोजमापाचाच आहे.

प्रथम गोचिडीचे वेळापत्रक पाहू. गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचू यांच्या कुळातली. कुत्र्यांवर आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या तपकिरी गोचिडीला शास्त्रज्ञ ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस म्हणतात. (म्हशीवरची गोचीड बहुतांशी वेगळ्या जातीची असते, तेव्हा प्रत्येक वेळी म्हशीला दोष देऊ नये.) अंड्यातून निघते तेव्हा हिला सहा पाय असतात, पुढे आठ होतात. साऱ्या आयुष्यात तिची जेवणे तीनच, आणि प्रत्येक जेवणानंतर ती कुत्र्यावरून खाली उतरते. पहिले जेवण दोन-चार दिवसांचे, दुसरे त्याहून थोडे लांब आणि पूर्ण वाढलेल्या मादीचे आठवडाभराचे किंवा त्याहूनही अधिक. शेवटच्या जेवणात मादी वजनाने सुमारे शंभरपट होते आणि एरंडाच्या बीसारखी दिसू लागते. एरंडाच्या शास्त्रीय नावातला 'रिसिनस' हा लॅटिन शब्द मुळात गोचिडीचाच! अशी टम्म फुगलेली मादी भिंतीवर चढून भेगेत शिरते, चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते.

आता रविवारच्या आंघोळीचा विचार करा. सोमवारी अंगावर चढलेले पिल्लू गुरुवारी जेवून उतरलेसुद्धा. रविवारी तुम्ही ज्या कुत्र्याला घासता, त्याच्यावर ते नसतेच. तासाला एकदाच डोळे उघडणाऱ्या माणसाला घड्याळाचा मिनिटकाटा नेहमी एकाच जागी दिसतो आणि तो हलतच नाही असे वाटते. त्यातलाच हा प्रकार. जी घटना तीन दिवसांत उरकते, तिच्यावर सात दिवसांनी नजर टाकून कसे भागेल? शिवाय एर्लिकिया नावाचा जंतू गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतो. ताप, अशक्तपणा, कधी नाकातून रक्त अशी लक्षणे दिसतात, आणि उपचारास उशीर झाल्यास धडधाकट कुत्रे दगावते. म्हणून चार कुत्र्यांचे कान, मान, काखा आणि बोटांच्या बेचक्या रोज पाच-पाच मिनिटे चाचपणे हे आठवड्याच्या दोन तासांच्या आंघोळीपेक्षा कितीतरी फायद्याचे. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. नखाने चिरडू नये. गोचीड-ताप माणसालाही होतो. हे काम घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करावे आणि कुत्र्यांना पिसाळीची लस दिलेली असावी, हे सांगायला नकोच.

पाण्याने गोचीड मरत नाही. ती पाण्याखाली अनेक तास सहज काढते. पिसवांची गोष्ट मात्र वेगळी. पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारे ७२ डाईन असतो. त्या ताणलेल्या पडद्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निसटते. पाण्यात साबण मिसळला, की हा ताण तिसाच्या आसपास येतो, पिसू भिजते आणि बुडते. म्हणजे साबणाच्या आंघोळीने पिसवा मरतात, पण कुठल्या? वस्तीतल्या पिसवांची सगळी प्रजा मोजली, तर शंभरात जेमतेम पाच कुत्र्याच्या अंगावर असतात. उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपात गोणपाटात, धुळीत आणि गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेल्या असतात. तेव्हा आंघोळ कुत्र्याइतकीच गोणपाटालाही हवी. ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळत घालावे. कोरड्या हवेत पिसवांच्या अळ्या टिकत नाहीत. भिंतीच्या भेगा बुजवाव्यात, कोपरे झाडून काढावेत.

चारांपैकी एक कुत्रे 'ते काही हाती लागत नाही' म्हणून सोडून देण्याची पद्धत तर फारच घातक. धरून चालू, की एका मादीच्या चार हजार अंड्यांपैकी शंभरात एकच जगले. म्हणजे चाळीस गोचिडी, त्यात वीस माद्या. अनुकूल हवेत एक पिढी सुमारे दोन महिन्यांची. सहा महिन्यांत एका मादीच्या आठ हजार माद्या होतात. प्रत्यक्षात अन्न, जागा आणि शत्रू यांमुळे आकडा कमी पडेल, पण ओढ कळावी. ते एक सोडलेले कुत्रे म्हणजे इतर तिघांसाठी भरलेले कोठारच.

आता औषधाकडे वळू. येथे 'अंदाजाने' या शब्दाचा मला मनस्वी राग आहे. गुरांवर फवारायचे औषध बूचभर बादलीत ओततात. बादली दहा लिटरची की वीसची? द्रावणाची तीव्रता दुप्पट किंवा निम्मी झाली, याची कोणाला खंत नसते. निम्म्याने गोचीड मरत नाही, उलट औषधाला सरावलेल्या तेवढ्या मागे उरतात. दुपटीने कुत्रे लाळ गाळत पडते. रॉकेल, फिनेल आणि पिकावरची कीटकनाशके तर कुत्र्याच्या अंगाला लावूच नयेत. मांजर असेल तर आणखी जपावे. कुत्र्यांच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराच्या शरीरात पचत नाही आणि त्याचा जीव जातो. आज पशुवैद्याकडे वजनाप्रमाणे द्यायच्या गोळ्या आणि मानेवर घालायचे थेंब मिळतात. मोठ्या कुत्र्याला ते महाग पडतात, हे खरे. पण कुत्रे धान्याच्या काट्यावर तोलून, चौघांना एकाच दिवशी दिले तर पैसा वाया जात नाही. आणि गंमत पाहा, हे थेंब कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतात. थेंब घालण्याच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी साबणाने खसाखसा धुतले, तर तो थरच निघून जातो. जास्त आंघोळ म्हणजे कमी औषध!

मग आंघोळ घालूच नये का? घालावी, कुत्रे मळले म्हणून, महिन्यातून एकदा, कोमट पाण्याने, कुत्र्यांसाठीच्या सौम्य साबणाने. वेळ सकाळच्या उन्हाची. तीस किलोच्या कुत्र्याच्या केसांत लिटरभर पाणी राहिले, तर ते वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तिचा दहावा हिस्सा जरी अंगातून गेला, तरी शरीराचे तापमान दोन अंशांनी उतरवण्याइतका तो होतो, आणि ती भर कुत्र्याला पोटातल्या भाकरीतून काढावी लागते. थंडीत संध्याकाळी कुत्री धुणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे.

वस्तीवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक नोंदवही घालावी. प्रत्येक कुत्र्याला एक रकाना, रोज सापडलेल्या गोचिडींची संख्या आणि महिन्याच्या शेवटी आलेख. आणखी एक रकाना भिंतीसाठी राखा. कुत्री झोपतात तिथल्या भिंतीवर रात्री बॅटरीचा झोत टाकून वर चढणाऱ्या गोचिडी मोजायच्या. कुत्र्यांचे आकडे उतरले आणि भिंतीचा उतरला नाही, तर पुढच्या रविवारी कुत्र्यांना मोकळे सोडा आणि भेगा लिंपायला घ्या.