साखर वेगळी ठेवा

माझं घर साखरेवर चाललं. कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून नोकरी केली, त्या पगारातून मुलांची शिक्षणं झाली आणि आमच्या वाट्याच्या शेतात आजही ऊसच उभा आहे. त्यामुळे साखरेला ‘पांढरं विष’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. तरीही सांगतो, आपण खातो त्यापेक्षा साखर बरीच कमी खाल्ली पाहिजे. आणि कमी करायचीच तर आपल्याला न विचारता दुसऱ्याने घातलेल्या साखरेपासून सुरुवात करा.

पहिला नंबर चहाचा. आपल्याकडे पातेल्यात पाणी, साखर आणि पावडर एकदमच पडते. कपात आलेल्या चहातून साखर काढता येत नाही. टपरीवर तीच गत, अमृततुल्यात तर विचारूच नका. ऑफिस, बँक, पतपेढी, लग्नाची बोलणी, कुठेही जा, थर्मासातून गोड झालेलाच चहा ओतला जातो. ‘बिनसाखरेचा मिळेल का?’ म्हटलं की चारचौघांत समोरचा डोळे बारीक करून विचारतो, ‘शुगर झाली काय?’ म्हणजे साखर नको असायला आधी आजार हवा! या प्रश्नाला कंटाळून माणूस मुकाट्याने कप तोंडाला लावतो.

आता हिशेब बघा. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे आणि चमच्यात चार-पाच ग्रॅम, म्हणजे चाळीस ते पन्नास ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक वरून घातलेल्या साखरेचे असावेत, आणि ५ टक्क्यांच्या खाली आले तर अधिक चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम पडतं. बिस्किट, सरबत, मिठाई यांच्या आधी नुसत्या चहातच कोटा संपला.

उसाची पक्वता बघायला आमच्याकडे हँड रिफ्रॅक्टोमीटर असायचा. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचा आकडा, वाचायचा. तोडणीला आलेल्या उसाचा रस अठरा-वीस दाखवतो. निवृत्तीनंतर तो नाद सुटला नाही, म्हणून एकदा नातवाच्या हातातल्या काळ्या शीतपेयाचा थेंब टाकून पाहिला. गॅस जाऊ द्यायला तेवढं ढवळून घ्यावं लागतं. आकडा आला अकराच्या आसपास. शंभर ग्रॅमला अकरा ग्रॅम, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत सहा चमचे साखर. तेवढी साखर घातलेला एक कप चहा तोच नातू थुंकून टाकेल. पण पेय थंडगार असतं, वर आंबट आणि फसफसणारं, त्यामुळे जिभेला पत्ता लागत नाही. (दुधाच्या चहावर हा प्रयोग करू नका. दुधातले घन पदार्थही आकडा फुगवतात.)

उलट पुरणपोळीवर माझा राग नाही. पुरणात डाळीला डाळीइतका गूळ, श्रीखंडात चक्क्याइतकी साखर, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गोड म्हणूनच ते ताटात येतं आणि सणापुरतंच येतं. ग्लुकोज बिस्किटाचं तसं नाही. लहान मुलाला सकाळी दुधात बुडवून देतात तेव्हा कुणी त्याला मिठाई म्हणत नाही, पण पुड्याच्या मागे बघा, शंभर ग्रॅमला साखर पंचवीसच्या आसपास निघेल.

गुळाच्या चहाची सध्या चलती आहे. पाट्यांवर लिहितात, ‘आरोग्यदायी’. कोल्हापुरी गुळाचा मला अभिमान आहे, पण केमिस्ट म्हणून सांगतो, गूळही मुख्यतः सुक्रोजच आहे. त्यातलं लोह आणि खनिजं चहातल्या दोन चमच्यांत किती येणार? मधालाही आरोग्य संघटना त्याच हिशेबात धरते.

हे बोललो की गावात हमखास ऐकायला मिळतं, “साहेब, तुमीच असं म्हणाय लागला तर आमच्या उसाचं काय करायचं?” प्रश्न रास्त आहे. पण देशातली निम्म्याहून अधिक साखर घरात जातच नाही. ती शीतपेयवाले, बिस्किटवाले, मिठाईवाले, आइस्क्रीमवाले उचलतात. शिवाय आता उसाचा रस आणि मळी इथेनॉलकडेही वळते. शेतकऱ्याचं बिल वेळेवर निघावं म्हणून शेतकऱ्यानेच जास्त गोड चहा प्यावा, हा कुठला न्याय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत देशात सुमारे दहा कोटी मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. एकट्या साखरेनेच ते झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्यात ऊस लावणारेही आहेत आणि ऊस तोडणारेही.

पाकिटावर ‘अॅडेड शुगर’चा आकडा छापणं कायद्याने आलं आहे, पण अक्षरं एवढी बारीक की माझ्यासारख्याला भिंग लागतं. त्यावर उपाय म्हणून २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाकिटाच्या दर्शनी बाजूला तारे छापण्याचा मसुदा आणला. मला तो पटलेला नाही. काजू-बदाम आणि तंतू घालून साखरेचे गुण भरून काढायची त्यात सोय आहे. तारे नकोत, सरळ चमचे छापा: या बाटलीत सहा चमचे. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, ते योग्य केलं. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला असा फळा लावायला कुणाच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही.

पण कायदा, तारे, फळे यांच्या आधी होण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला दमडी लागत नाही. चहा बिनसाखरेचा उकळा, साखर वाटीत शेजारी ठेवा. ज्याला तीन चमचे हवेत त्याने तीन घ्यावेत, कुणी बोलणार नाही. पतपेढ्या, ग्रामपंचायती, शाळांच्या पालकसभा यांनी हे करावं. आणि कारखान्यांच्या संचालक मंडळांना माझी विनंती आहे: येत्या वार्षिक सभेला सभासदांचा चहा असाच द्या. सवलतीची साखर सभासदाला घरी न्यायची आहेच, ती चहातूनही पाजायचं कारण नाही.